ज्वारीच्या मुळांची हाक, टारफुल्याला जाग

ज्वारीच्या शेतातला एखादा पट्टा जमिनीत ओल असूनही पाण्यावाचून सुकल्यासारखा दिसतो. ताटांची वाढ खुंटते, पाने पिवळी पडतात. काही आठवड्यांनी बुडाशी वीतभर उंचीची, पांढऱ्या फुलांची नाजूक रोपे वर येतात आणि मग कारण कळते. हा टारफुला. शास्त्रीय नाव स्ट्रायगा. तो उसातही येतो. रोप दिसते तोवर बरेच नुकसान होऊन गेलेले असते, कारण त्याने जमिनीखाली ज्वारीच्या मुळात आपले मूळ घुसवून पाणी आणि अन्न ओढायला कधीच सुरुवात केलेली असते.

पण ज्वारी शेजारी आहे, हे त्या बीला कळते कसे?

टारफुल्याचे बी धुळीच्या कणाएवढे, जेमतेम पाव मिलिमीटरचे. एकेका रोपाला अशा हजारो बिया धरतात आणि त्या मातीत दहा-दहा वर्षे जिवंत राहतात. बीमध्ये शिदोरी मात्र थोड्याच दिवसांची. रुजल्यावर चार-सहा मिलिमीटरच्या आत यजमानाचे मूळ सापडले नाही, तर अंकुर उपाशी मरतो. म्हणून पाऊस आणि ऊब मिळूनही हे बी रुजत नाही. ते एका रसायनाची वाट पाहते.

ते रसायन १९६६ साली अमेरिकेत हाती लागले, आणि तेही कपाशीच्या मुळांतून! त्याला स्ट्रायगॉल हे नाव मिळाले. लिटरभर पाण्यात मिलिग्रॅमच्या लाखाव्या भागाहून कमी स्ट्रायगॉल असले, तरी बी जागे होते. ज्वारी, मका यांची मुळेही याच कुळातली रसायने सोडतात. कपाशीवर टारफुला जगू शकत नाही; तिथे तो रुजतो आणि मरतो.

मग वनस्पती आपल्याच वैऱ्याला हाक का मारतात? याचे उत्तर मिळायला आणखी जवळजवळ चाळीस वर्षे लागली. २००५ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवले, की ही हाक मुळात मातीतल्या मित्रबुरशीसाठी असते. ही बुरशी मुळांना स्फुरद आणून देते. टारफुला ती हाक चोरून ऐकतो. जमिनीत स्फुरद कमी, तेवढी हाक मोठी. कसदार रानापेक्षा हलक्या, उपाशी रानात टारफुला जास्त माजतो, त्यामागचे एक कारण हे आहे. ज्याची जमीन गरीब, त्यालाच हा भुर्दंड.

हाक कळली म्हटल्यावर फसवणेही आले. अमेरिकेत १९५६ मध्ये मक्यात टारफुला सापडला, तेव्हा पुढे तिथे जमिनीत इथिलीन वायू सोडण्यात आला. केळी पिकवायला वापरतात तोच. यजमान नसताना बिया रुजल्या आणि मेल्या. आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याला हा खर्च झेपणारा नाही. त्याच्यासाठी कपाशी, भुईमूग अशा पिकांची फेरपालट हाच इथिलीन. मात्र बियांचा साठा एवढा असतो, की एका हंगामात काम भागत नाही. शिवाय दिसलेले रोप फुलण्याआधी उपटायचे; चालू पीक त्याने फारसे वाचत नाही, पण पुढच्या हजारो बिया टळतात.

इथिओपियात जन्मलेले गेबिसा एजेटा यांनी दुसरी वाट धरली. बियांना जाग न आणणाऱ्या ज्वारीच्या जाती त्यांनी शोधल्या आणि त्यांवरून आफ्रिकेसाठी नवी वाणे काढली. या कामासाठी २००९ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. अशा ज्वारीत एक जनुक बिघडलेले असते, हे २०१७ मध्ये उलगडले. ती ज्वारी हाक मारणे सोडत नाही. तिच्या मुळांतून थोडा निराळा रेणू बाहेर पडतो. बुरशीला तो चालतो, टारफुल्याचे बी मात्र झोपूनच राहते.