अंगावरचा तीळ : नशीब नको, तळपाय पाहा

ओठावर तीळ असला की माणूस गोडबोल्या, तळहातावर असला की पैसा, तळपायावर असला की प्रवास. असले ठोकताळे आपल्या वस्तीतही अजून ऐकू येतात. ऐकीव आहे किंवा परंपरेने चालत आले आहे एवढ्यावरून काही मानू नका, पारखून घ्या, अशी शिकवण कालाम सुत्तात आहे. तिळाच्या बाबतीतही तेच करू या. तिळावरून भविष्य कळत नाही. पण तो बदलू लागला तर एक आजार वेळेवर कळू शकतो.

तीळ म्हणजे काय?

आपल्या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या एखाद्या जागी गोळा झाल्या की तिथे तीळ दिसतो. बहुतेक तीळ लहानपणी आणि तरुणपणी येतात. वयात येताना किंवा गरोदरपणात ते थोडे गडद होऊ शकतात. जवळजवळ सगळे तीळ निरुपद्रवी असतात, ते काढण्याची गरज नसते.

चाळिशीनंतर अनेकांच्या गालावर बारीक काळे दाणे येतात, मानेवर आणि काखेत चामखिळी लोंबतात. हा कर्करोग नव्हे. मात्र चामखिळी वाढत असतील आणि मानेची कातडी काळी, जाडसर झाली असेल, तर रक्तातील साखर तपासून घ्यावी.

धोका कुठे आहे?

रंग बनवणाऱ्या याच पेशींचा एक कर्करोग असतो, त्याला मेलानोमा म्हणतात. गोऱ्या लोकांत तो जास्त आढळतो आणि त्याचा उन्हाशी संबंध असतो. आपल्याकडे तो विरळ आहे. पण ‘काळ्या माणसाला तो होतच नाही’ हे खरे नाही. सावळ्या-काळ्या कातडीच्या लोकांत तो बहुतेक वेळा ऊन न लागणाऱ्या जागी होतो : तळपाय, तळहात आणि नखाखाली.

या जागा आपण कधी नीट पाहत नाही. डाग दिसलाच तर भोवरी असेल, ठेच लागली असेल, काटा मोडला असेल, चिखल्या असतील असे म्हणून सोडून देतो. सफाईकाम, बिगारीकाम, शेतमजुरी करणाऱ्यांच्या पायाला रोजच काहीतरी लागते, त्यामुळे संशयही येत नाही.

शोषितांची गाणी गाणारा जमैकाचा कृष्णवर्णीय गायक बॉब मार्ले याचेही असेच झाले. पायाच्या अंगठ्याची दुखापत फुटबॉल खेळताना झाली असावी असे आधी वाटले. १९७७ साली नखाखाली मेलानोमा असल्याचे निदान झाले. पुढे तो शरीरात पसरला आणि ११ मे १९८१ रोजी, अवघ्या ३६ व्या वर्षी मार्ले गेला. हा आजार कातडीच्या वरच्या थरात असतानाच पकडला, तर बहुधा छोट्या शस्त्रक्रियेने भागते. खोल गेला की तो जांघेतल्या किंवा काखेतल्या गाठींत आणि तिथून पुढे पसरतो.

हे दिसले तर दाखवा

• तिळाचा एक अर्धा भाग दुसऱ्यासारखा नाही.
• कडा वेड्यावाकड्या किंवा पसरलेल्या आहेत.
• एकाच तिळात काळा, तपकिरी, लालसर असे दोन-तीन रंग आहेत.
• आकार ६ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे पेन्सिलीच्या जाडीपेक्षा मोठा आहे.
• काही आठवड्यांत किंवा महिन्यांत तो वाढतो आहे, खाजतो आहे, रक्त येते आहे.
• अंगावरच्या बाकीच्या तिळांपेक्षा एकच अगदी वेगळा दिसतो.
• तळपायावरचा काळा डाग पसरतो आहे, किंवा तिथली जखम महिनाभरात भरत नाही.

यातले सर्वांत महत्त्वाचे लक्षण म्हणजे बदल. वर्षानुवर्षे तसाच असलेला तीळ सहसा त्रास देत नाही. पन्नाशीनंतर नवा काळा डाग आला आणि वाढू लागला, तर थांबू नका.

नखाचेही पाहा. आपल्यात अनेकांच्या बऱ्याच नखांवर फिकट तपकिरी रेघा असतात, ते साधे आहे. पण एकाच नखावर नवी काळी पट्टी आली, ती रुंद होत गेली किंवा काळेपणा नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीवर उतरला, तर तपासणी हवी. ठेच लागून साकळलेले रक्त नखाबरोबर हळूहळू पुढे सरकते. पट्टी मात्र मुळापासून तशीच राहते.

हे करू नका

चुना-सोडा लावणे, ॲसिडने जाळणे, केस किंवा दोरा बांधून तोडणे, ब्लेडने कापणे, जत्रेत किंवा रस्त्यावर तीळ काढून घेणे, हे सगळे बंद करा. त्याने जखम चिघळते, जाड वण उठतो. त्याहून वाईट म्हणजे आत कर्करोग असेल तर वरचा भाग जळतो, मूळ आत राहते आणि निदान लांबते.

कुठे जायचे?

जवळच्या सरकारी किंवा पालिका रुग्णालयात केसपेपर काढून त्वचारोग विभागात दाखवा. मुंबईत केईएम, सायन, नायर, जे. जे., पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल आणि मेयो, छत्रपती संभाजीनगरात घाटी इथे हे विभाग आहेत. संशय असेल तर डॉक्टर जागा बधिर करून तीळ किंवा त्याचा तुकडा काढतात आणि प्रयोगशाळेत पाठवतात. ‘सुरी लागली की कर्करोग पसरतो’ या भीतीने तपासणी टाळू नका. ते खरे नाही. कर्करोग निघालाच तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड जवळ ठेवा.

चेहऱ्यावरचा तीळ शोभेसाठी किंवा दाढी करताना कापला जातो म्हणूनही काढता येतो. त्यासाठीही डॉक्टरांकडेच जा. काढलेला भाग तपासणीला पाठवणार का, हे विचारा. छाती, खांदा, कानाच्या पाळीवर आधीच्या जखमेचे जाड वण उठले असतील, तर तेही सांगा.

महिन्यातून एका रविवारी दारातल्या उजेडात बसा. पाय धुऊन पुसा आणि तळवे, बोटांमधल्या फटी, नखे पाहा. पाठ आणि टाचा एकमेकांच्या पाहा. म्हाताऱ्या माणसांना वाकता येत नाही, त्यांचे पाय लेकी-सुनांनी, नातवंडांनी पाहावेत. शंका आली तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा, बदल लक्षात येईल. मधुमेह असेल तर पाय रोजच पाहायला हवेत.

जय भीम!