काच बदलली, नजर तपासली का?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गाडीची पुढची काच फुटली, की गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं तो ‘किती पडतील?’ आणि दुसरा ‘संध्याकाळपर्यंत मिळेल ना?’ मरोळमध्ये गाड्यांच्या काचा बसवण्याच्या धंद्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे हे दोन प्रश्न मला पाठ आहेत. गेल्या चार-पाच वर्षांत मात्र तिसरा एक प्रश्न विचारायची वेळ आली आहे आणि तो फारसं कुणी विचारत नाही. काचेमागच्या कॅमेऱ्याचं काय?

तुमची गाडी अलीकडची असेल, तर आतल्या आरशाच्या मागे, काचेला चिकटलेलं एक काळं प्लॅस्टिकचं घर दिसेल. बाहेरून पाहिलं तर काचेवरच्या काळ्या पट्टीत तेवढ्यापुरती एक स्वच्छ खिडकी ठेवलेली असते. आत कॅमेरा असतो. तो रस्त्यावरचे पांढरे पट्टे पाहतो, पुढची गाडी पाहतो, आडवा येणारा माणूस पाहतो. गाडी लेन सोडायला लागली की इशारा देतो किंवा स्टीअरिंग हलकेच सावरतो. टक्कर होणार असं दिसलं आणि तुमचा पाय ब्रेकवर गेला नाही, तर गाडी स्वतः ब्रेक मारते. या सगळ्याला ‘अडास’ म्हणतात. आपल्याकडे साधारण २०२०-२१ पासून या सोयी बऱ्यापैकी दिसायला लागल्या. २०२१ साली महिंद्राची एक्सयूव्ही ७०० आणि एमजीची अ‍ॅस्टर आली, २०२२ मध्ये होंडा सिटीची हायब्रीड आली आणि मग मध्यम किमतीच्या गाड्यांतही हा कॅमेरा येऊ लागला. काही गाड्यांत जोडीला बंपरमागे रडार असतं. होंडा सिटीसारख्या गाडीत पुढचं सगळं पाहण्याचं काम त्या एका कॅमेऱ्यावर आहे.

पूर्वी काच म्हणजे वारा, धूळ आणि पाऊस अडवणारा पडदा. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून २०२३ च्या ऑक्टोबरात गेल्या. त्यांची काच बसवायची रीत जुन्या कारागिरांना आठवत असेल. काचेभोवती रबराची पट्टी चढवायची, पट्टीच्या खाचेत दोरी फिरवायची, एकाने बाहेरून काच दाबून धरायची आणि दुसऱ्याने आतून दोरी ओढत जायची. रबराची कड आपोआप पत्र्यावर बसत जायची. काच दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाली तर पावसात पाणी गळायचं, याउपर काही बिघडत नसे. नंतर काचा पॉलियुरेथेनच्या चिकटपट्ट्याने थेट सांगाड्याला चिकटवायला लागले आणि काच गाडीच्या मजबुतीचा भाग झाली. आता ती गाडीच्या डोळ्यावरचा चष्मा झाली आहे. चष्म्याची काच बदलताना डोळ्याचा मध्य आणि काचेचा मध्य जुळला नाही, तर नंबर बरोबर असूनही जिना उतरताना पाय चुकतो. इथे तेच होतं.

कॅमेरा ज्या पकडीत बसतो ती पकड काचेलाच कारखान्यात चिकटवलेली असते. म्हणजे नवी काच आली की पकडही नवी आली. कॅमेरा तोच जुना, पण तो ज्या खुंटीवर टांगला ती खुंटी वेगळी. शिवाय काच तिरकी असते, दोन थरांची असते, मध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो आणि कॅमेरा तिच्यातून पाहतो. एका काचेतून प्रकाश वळतो तसाच दुसरीतून वळेल याची खात्री नाही. फरक डोळ्यांना दिसत नाही. आपण म्हणतो, अगदी जशीच्या तशी बसली.

आता थोडं गणित, फार नाही. कॅमेऱ्याची नजर एका अंशाने डावीकडे वळली असं धरा. एक अंश म्हणजे घड्याळाच्या मिनिटकाट्याने दहा सेकंदांत जेवढं सरकावं तेवढं. पन्नास मीटरवर ही चूक ८७ सेंटिमीटरची होते आणि शंभर मीटरवर जवळजवळ पावणेदोन मीटरची. आपल्याकडे हमरस्त्याची लेन साडेतीन मीटरची असते. म्हणजे शंभर मीटरवरची गाडी कॅमेऱ्याला अर्धी लेन बाजूला दिसणार. ती आपल्या लेनमध्ये आहे की शेजारच्या, हाच निर्णय चुकू शकतो.

खाली-वर झुकण्याचा हिशेब तर याहून बोचरा आहे. एकट्या कॅमेऱ्याला अंतर कळतं कसं? पुढच्या गाडीची चाकं क्षितिजापेक्षा किती खाली टेकलेली दिसतात, यावरून बरंचसं. जितकी खाली तितकी जवळ. कॅमेरा जमिनीपासून १.३ मीटरवर असेल, तर ५० मीटरवरचं चाक क्षितिजाच्या जेमतेम दीड अंश खाली दिसतं. आता कॅमेरा नकळत अर्धा अंश खाली झुकलेला असेल, तर नुसत्या या हिशेबाने तीच गाडी ७५ मीटरवर आहे असं वाटेल. वर झुकला असेल, तर ३७ मीटरवर. ताशी ६० किलोमीटरच्या वेगात २५ मीटर जायला दीड सेकंद लागतो. ब्रेक लागायचा तो दीड सेकंद उशिरा लागला, तर पुढे काय होईल ते मी सांगायला नको. आणि दुसऱ्या टोकाला, काही नसताना हायवेवर ब्रेक लागला, तर मागच्या डंपरचं काय?

खरं तर गाडी या एकाच हिशेबावर विसंबत नाही. पुढच्या वाहनाची रुंदी, रस्त्याच्या कडा जिथे एकत्र येतात तो बिंदू, असलं तर रडार, यांच्या आधाराने ती स्वतःला सावरत असते. पण सावरण्यालाही हद्द आहे आणि सुरुवातीचं माप साधारण बरोबर आहे, हे ती गृहीत धरते. ते माप पुन्हा घालून देणं म्हणजे कॅलिब्रेशन. वाण्याच्या तराजूचा पासंग काढतात ना, तसंच. पारडी रिकामी असताना काटा मध्यावर नसेल, तर वरचं वजन कितीही प्रामाणिक असो, माप खोटंच.

गिऱ्हाईक म्हणतं, ‘अहो, डॅशबोर्डवर दिवा कुठे लागलाय? म्हणजे सगळं ठीक आहे.’ सगळ्यात धोक्याचा समज हाच. दिवा लागतो तो कॅमेऱ्याची तार सुटली, लेन्स झाकली गेली, किंवा कॅमेऱ्याला स्वतःलाच काही जुळेना झालं तर. काही गाड्यांत काच बदलल्यावर कॅलिब्रेशन होईपर्यंत यंत्रणा आपणहून बंद राहते आणि तसं सांगते. ते बरं, निदान चालकाला कळतं की आपल्यालाच पाहायचं आहे. पण जुना कॅमेरा काढून नव्या पकडीत टचकन बसवला आणि तार जोडली, तर अनेकदा एकही दिवा लागत नाही. आपली नजर वाकडी झाली आहे, हे तिरळ्या माणसाला आरशाशिवाय कसं कळावं?

गेल्या वर्षी एक गृहस्थ गाडी घेऊन आले. काच दुसरीकडे बदललेली. तक्रार अशी की ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर मधल्या लेनमधून अगदी सरळ चालवत असतानाही स्टीअरिंग मधूनच डाव्या हाताला ओढ घेतं. त्यांनी दोनदा व्हील अलाइनमेंट करून घेतलं होतं, एक टायरही बदलला होता. मी विचारलं, ‘काका, काच केव्हा बदलली?’ ते म्हणाले, ‘काचेचा आणि स्टीअरिंगचा काय संबंध?’ फलक लावून मोजलं तेव्हा कॅमेरा एका बाजूला पाहत होता. गाडी त्यांना लेनच्या मध्यावर ठेवायचा मनापासून प्रयत्न करत होती, फक्त तिचा मध्य वेगळा होता.

हे मोजायचं कसं? दोन रीती आहेत. कोणत्या गाडीला कोणती, किंवा दोन्ही, ते बनवणाऱ्या कंपनीच्या पुस्तकात दिलेलं असतं. पहिली उभ्या गाडीची. गाडी सपाट जमिनीवर सरळ उभी करायची. टायरमध्ये नेमकी हवा, डिकी रिकामी, आत कुणी बसायचं नाही, कारण गाडीचं नाक बोटभर उचललं तरी कॅमेऱ्याची नजर बदलते. मग गाडीचा मध्य काढायचा. इथे गवंड्याचा ओळंबा आणि सुताराची खडूची दोरीही चालते, लेझर असेल तर उत्तम. ठरलेल्या अंतरावर, ठरलेल्या उंचीवर काळ्या-पांढऱ्या नक्षीचा फलक उभा करायचा. उजेड सारखा हवा. दारातून उन्हाची तिरीप आली किंवा मागे चकचकीत पत्रा असला की कॅमेरा गोंधळतो. स्टीअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडायचा, कॅमेरा फलक पाहतो आणि आपली नजर किती सरकली आहे ते नोंदवून घेतो. सगळी मांडामांड धरून तास-दोन तास जातात. त्यातला कॅमेऱ्याचा वेळ थोडा, मोजणाऱ्या माणसाचा जास्त.

आता मरोळमधल्या जागा आठवा. मिलिटरी रोडवर, मरोळ-मरोशी रस्त्यावर किंवा औद्योगिक वसाहतीच्या गल्ल्यांत किती गाळ्यांत गाडी आत घेऊन पुढे पाच-सात मीटर मोकळी, सपाट जमीन मिळते? गाळ्याला बहुधा रस्त्याकडे उतार दिलेला, पावसाचं पाणी जावं म्हणून. अर्धी गाडी फुटपाथवर. आणि आता तर घरपोच सेवा आहे. काच बसवणारे सोसायटीच्या पार्किंगमध्ये येतात. काच ते उत्तम बसवतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण उतरत्या पार्किंगमध्ये, खांबांच्या मध्ये, ट्यूबलाइटच्या उजेडात फलक लावून कॅलिब्रेशन होत नाही. ते काम दुसरीकडे नेऊन करावं लागतं, हे त्यांनी सांगायला हवं आणि आपण विचारायला हवं.

दुसरी रीत चालत्या गाडीची. स्कॅनर जोडून ठरावीक वेगाने काही वेळ गाडी चालवायची. कॅमेरा खऱ्या रस्त्यावरचे पट्टे पाहून माप लावून घेतो. अट एवढीच, की रस्त्यावर पट्टे ठळक हवेत आणि वेग टिकायला हवा. अंधेरी-कुर्ला रस्त्यावर मरोळ नाक्याच्या मेट्रो स्टेशनखाली दिवसा वेग टिकवून दाखवा, मी बक्षीस देईन! आम्ही पहाटे निघतो, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने पवईवरून ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे गाठतो आणि ठाण्याकडे जातो. पावसाळ्यात पट्टे पुसलेले आणि काचेवर पाणी, मग एका फेरीत काम होईलच असं नाही. गिऱ्हाइकाला वाटतं, हे आमची गाडी फिरवून पेट्रोल जाळतात.

एवढा खटाटोप कशासाठी, असं कुणी म्हणेल. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी महामार्ग सुरक्षेची एक संस्था आहे. पुढच्या गाडीवर मागून आदळण्याचे अपघात आपोआप ब्रेक लागणाऱ्या गाड्यांत सुमारे निम्म्याने कमी होतात, असं तिच्या अभ्यासात दिसलं. म्हणजे वस्तू कामाची आहे. त्याच संस्थेने २०२३ साली, ज्यांनी अशा सोयींची दुरुस्ती करून घेतली होती त्या मालकांना विचारलं, तेव्हा जवळपास निम्म्यांनी सांगितलं की दुरुस्तीनंतरही काही ना काही अडचण राहिली. तिथे ही अवस्था, तर आपल्याकडे काय असेल? मरोळ नाक्यावर मेट्रोतून उतरून रस्ता ओलांडणाऱ्या बाईने तुमच्या गाडीच्या काचेची पावती पाहिलेली नसते. सर्वाधिक किंमत मोजण्याची पाळी तिच्यावर येऊ शकते, आणि या व्यवहारात तिला कुणी विचारलेलंही नाही.

काचेच्या कोपऱ्यात आयएसआयचं चिन्ह असतं. ते काच फुटली तर माणूस कापला जाऊ नये याबद्दल आहे. कॅमेऱ्याची पकड नेमकी आहे का, याबद्दल ते काही सांगत नाही. म्हणून काच घेताना ‘कॅमेऱ्याची काच’ असं स्पष्ट म्हणावं आणि अंदाजपत्रकात कॅलिब्रेशन वेगळ्या ओळीत लिहून घ्यावं. त्याचा दुसरा फायदा असा, की विम्याच्या सर्व्हेअरला ते काम सुरुवातीलाच दिसतं. मोटार विम्यात काचेच्या भागांवर घसारा कापत नाहीत, ही आपल्या बाजूची गोष्ट. पण सक्तीची हजार-दोन हजारांची रक्कम आपल्या खिशातून जाते आणि एका क्लेमने नो क्लेम बोनस जाऊ शकतो. तेव्हा आधी बेरीज-वजाबाकी करावी. कॅलिब्रेशनचा खर्च विमा देणार का, हे काम सुरू होण्यापूर्वी विचारावं. गाडी ताब्यात घेताना स्कॅनरचा छापील अहवाल मागावा. त्यावर गाडीचा नंबर, तारीख आणि काम पूर्ण झाल्याची नोंद असते. अहवाल देत नसतील, तर कॅलिब्रेशन झालं नाही असंच समजावं. मी तरी तसंच समजतो.

खडा उडून नुसता टवका गेला असेल, तर काच बदलायची गरज नसते; राळ भरून तो बुजवता येतो. त्यावर लगेच पारदर्शक चिकटपट्टी लावावी आणि तापल्या काचेवर एसीचा झोत सोडू नये, नाहीतर चीर पळते. मात्र टवका कॅमेऱ्याच्या खिडकीत असेल, तर राळ भरू नये. आपल्या डोळ्याला ती दिसणार नाही, कॅमेऱ्याला दिसेल.

नवी काच बसली की चिकटवलेला पट्टा सुकायला सांगतील तेवढा वेळ गाडी हलवू नये. हा पट्टा हवेतल्या दमटपणावर घट्ट होतो. तेवढ्यापुरती मुंबईची हवा आपल्या उपयोगी पडते. दसऱ्याला गाडीला हार जरूर घाला, पण तो काचेवरून कॅमेऱ्यासमोर लोंबू देऊ नका. लिंबू-मिरची बंपरवर असेल, तर मागे रडारची जागा नाही ना, ते पाहा. आणि जुन्या काचेबरोबर फास्टॅगही गेलेला असतो. नवा घ्यावा लागतो, तो आरशामागे चिकटवायची आपली सवय आहे आणि नेमकी तिथेच कॅमेऱ्याची खिडकी असते. ती सोडून, थोडा बाजूला चिकटवा.