‘जांगल’, ‘जंगल’ आणि ‘पडीक’

पर्यावरणाविषयी आपण ज्या शब्दांनी बोलतो, ते केवळ वस्तूंची नावे नसतात. त्या वस्तूंचे काय करावयाचे, याचा निवाडाही त्यांत बहुधा आधीच झालेला असतो. ‘जंगल’ या शब्दाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

आयुर्वेदाच्या प्राचीन संहितांनी देशाचे जांगल, आनूप व साधारण असे तीन प्रकार मानले आहेत. आनूप म्हणजे पाणथळ व दाट झाडीचा प्रदेश. जांगल म्हणजे कोरडा, मोकळ्या आकाशाचा, विरळ व काटेरी वृक्षांचा. हाच प्रदेश त्यांनी अल्परोग म्हणून वाखाणिला. आज मात्र ‘जंगल’ म्हणताच नेमके उलट चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. नाव दाट झाडीकडे गेले आणि मूळची जांगल भूमी त्याला मुकली.

लोकभाषेने तिला माळ, कुरण, गायरान अशी नावे दिली होती. परंतु ब्रिटिश अमदानीतील महसुली व्यवहाराने नांगराखाली नसलेली जमीन ‘पडीक’ ठरविली. शेतकऱ्याच्या बोलीत ‘पड टाकणे’ म्हणजे जमिनीला विसावा देणे. दप्तरात त्याच धातूला निरुपयोगाचा अर्थ चिकटला. स्वातंत्र्योत्तर काळातही ही दृष्टी पालटली नाही. 1985 साली पडीक भूमीच्या विकासासाठी राष्ट्रीय मंडळ स्थापन झाले. पुढे अशा भूमीच्या सरकारी नकाशासंग्रहांत झुडपी जमिनी व चराऊ कुरणेही समाविष्ट झाली. अशा माळावर वृक्षारोपण करणे हे मग सत्कृत्यच वाटू लागते. वस्तुतः सोलापूरजवळील नान्नजच्या परिसराशी ज्याचे नाव निगडित आहे, त्या माळढोक पक्ष्याला उघडे गवताळ रानच हवे असते. तेथे झाडी वाढविणे म्हणजे त्याला घराबाहेर काढणे होय.

शब्दार्थाचे सामर्थ्य न्यायालयानेही मान्य केले आहे. ‘वन’ हा शब्द कोशातील अर्थानेच समजावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 12 डिसेंबर 1996 रोजी सांगितले, आणि नोंदीत वन नसलेल्या अनेक वनांना संरक्षण मिळाले. गवताळ माळाला मात्र असा कोशाचा आधार सहजासहजी लाभत नाही.

साहित्यिकांनीही या संदर्भात आपली विशेषणे तपासून पाहावीत. ‘माळ’ लिहिताना ‘ओसाड’ हा शब्द लेखणीतून आपोआप उतरत असेल, तर आपण निसर्गाचे वर्णन करीत नसून महसुली दप्तराचीच नक्कल करीत आहोत, असे म्हणावे लागेल.