तीन झाडं, एकच कुळ

१२ डिसेंबर २०१६. ‘वरदा’ चक्रीवादळ चेन्नईवर आदळलं आणि हजारो झाडं आडवी झाली. त्यात गुलमोहर, सोनमोहर, पर्जन्यवृक्ष यांचा भरणा मोठा. पसरट डोलारा, ठिसूळ लाकूड आणि फुटपाथच्या फरशांखाली कोंडलेली उथळ मुळं. वाऱ्याला उघडी छत्रीच सापडली म्हणा ना!

एकाच फटक्यात सगळी झाडं जाऊ नयेत म्हणून १९९० मध्ये फ्रँक सांतामूर या अमेरिकी वृक्षतज्ज्ञाने एक ठोकताळा मांडला. शहरातल्या झाडांत एका जातीची १० टक्क्यांहून, एका प्रजातीची २० आणि एका कुळाची ३० टक्क्यांहून जास्त नसावीत. आता गंमत बघा. वरची तिन्ही झाडं आपल्याला वेगवेगळी वाटतात, पण तिघांच्याही शेंगा हातात घ्या. कुळ एकच, शिंबावंत! आपला देशी करंजही त्यातलाच.

मग सगळीकडे कडुनिंबच लावू? नको. २०२१ च्या सुमारास तेलंगणात बुरशीमुळे कडुनिंबांचे शेंडे वाळले होते.

मग लावायचं काय? माझी लाडकी उंडी, तमिळमध्ये पुन्नै. चेन्नईतल्या मैलापूरच्या कपालीश्वर मंदिराचा हा स्थलवृक्ष, म्हणजे मंदिराचं पवित्र झाड. जाड, चकचकीत पान, आखल्यासारख्या बारीक समांतर शिरा. खारा वारा सहज सोसते. जोडीला बकुळ, भेंड, ताम्हण.

रविवारी आमच्या गल्लीतली झाडं मोजणार आहे. वहीत रकाने तीन: जात, प्रजाती, कुळ. तुमच्या गल्लीत काय निघतं, कमेंटमध्ये टाका.