डब्याखालची वीज

२६ जुलै २०१९ च्या रात्री उल्हास नदीला मोठा पूर आला होता. मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी या स्थानकांच्या दरम्यान आली आणि रुळांवर पाणी चढल्यामुळे तेथेच अडकून पडली. गाडीत सुमारे एक हजार प्रवासी होते. दुसऱ्या दिवशी बोटी आल्या व सर्वांची सुखरूप सुटका झाली. तोपर्यंत चहूकडे पाणीच पाणी होते.

अशा अडकलेल्या गाडीतील दिव्यांना वीज कोठून मिळत असेल? इंजिनावरील तारेतून, असे पुष्कळांस वाटेल. काही नव्या गाड्यांत तशी सोय आहेही. परंतु जुन्या पद्धतीच्या अनेक डब्यांची वीज त्यांच्या पोटाखालीच असते. तेथे एका पेटीत शिसे व गंधकाम्ल यांचे घट ओळीने जोडलेले असतात. एका घटाचा दाब सुमारे २ व्होल्ट. असे पन्नासाहून अधिक घट जोडले म्हणजे ११० व्होल्ट दाबाची बॅटरी तयार होते.

हा घट गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शोधून काढला. त्यात एक पत्रा शिशाचा व दुसरा शिशाच्या डायऑक्साइडचा असून दोन्ही पाणी मिसळलेल्या गंधकाम्लात बुडालेले असतात. दिवा लागला की दोन्ही पत्र्यांवर शिशाचे सल्फेट जमू लागते व आम्ल विरल होत जाते. उलट दिशेने वीज सोडली, तर सल्फेट विरघळून पत्रे पूर्ववत होतात. घट 'भरणे' म्हणतात ते हेच.

ही उलटी वीज डब्याचे चाकच पुरविते! चाकांच्या आसाला पट्ट्याने एक जनित्र जोडलेले असते. गाडी धावू लागली की ते फिरते, दिवे लावते आणि उरलेल्या विजेने घट भरते. परदेशांत काही कुटुंबे मोटारीतच संसार थाटून हिंडतात. त्या फिरत्या घरांतील बॅटरीही बहुधा मोटारीच्या इंजिनावरील जनित्राने किंवा छपरावरील सौरपट्टीने भरतात.

मात्र भरण्याला माप हवे. पाणी जसे उंचावरून सखल भागाकडे वाहते, तसा भरणाऱ्या विजेचा दाब घटाच्या दाबाहून थोडा अधिकच ठेवावा लागतो. रिकामा घट आरंभी भराभर वीज घेतो. भरत आला की त्याची भूक मंदावते. तरीही दाब वाढवीत राहिले, तर घटातील पाण्याचेच विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन हे वायू निघतात. हे मिश्रण स्फोटक असते. म्हणून भरणाऱ्या घटाजवळ काडी ओढणे धोक्याचे. उलटपक्षी घट फार दिवस रिकामा राहिला, तर सल्फेटचे स्फटिक कठीण होतात आणि मग ते सहजासहजी विरघळत नाहीत.

उभ्या गाडीत जनित्र फिरत नाही. पंखे व दिवे साठ्यातूनच वीज ओढतात आणि तासागणिक साठा ओसरत जातो. म्हणून अशा गाडीचा डबा यार्डात परतला की कामगार प्रथम बॅटरीची पेटी उघडतो. ज्या घटांची झाकणे निघतात, त्यांतील थोडे आम्ल तो काचेच्या नळीत ओढून घेतो. नळीत एक लहानसा तरंगता असतो. तो खोल बुडाला, तर आम्ल विरल झाले आहे आणि बॅटरी त्याच दिवशी भरावयास लावली पाहिजे, हे त्याला उमगते.