सेंट अँड्र्यूजचे गायरान

हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत किंवा औंढा नागनाथ, या पाचांपैकी कोणत्याही तालुक्यातील एखाद्या गावच्या तलाठ्याचे दप्तर उघडले, तर बहुधा एखादा गट असा निघतोच की ज्याच्या मालकीच्या रकान्यात कोणा बापाचे वा बेट्याचे नाव नसून सरकार असे लिहिलेले असते आणि त्यापुढे गायरान हा शब्द असतो. या जमिनीवर गुरे चरतात, गोवऱ्या वाळतात, पोरांचे खेळ चालतात, आणि ग्रामदैवताच्या यात्रेच्या दिवशी तेथेच हलगीच्या तालावर कुस्त्यांचा फड भरतो. नारळावरच्या कुस्तीने आरंभ होतो, आणि दिवस कलता कलता, सबंध गावाच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या मोठ्या इनामाची शेवटची जोड लागते. दुरून आलेला नामांकित पहिलवान इनाम घेऊन दुसऱ्या दिवशी आपल्या वाटेने जातो, आणि त्याच मातीत पुन्हा गुरे फिरू लागतात. ती जागा पहिलवानाची झाली असे कोणी म्हणत नाही.

हे सांगण्याचे कारण असे की, ज्या खेळाचे नाव काढताच आपल्या डोळ्यांसमोर कुंपण, पाटी आणि साहेब या तीन वस्तू उभ्या राहतात, तो गोल्फचा खेळ मूलतः अशाच एका गायरानात वाढला, आणि त्याचे इनामी सामने आजही त्या गायरानात भरतात. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सेंट अँड्र्यूज या कसब्याची समुद्रालगतची जमीन वाळूची, खारट वाऱ्याची आणि नांगराला निरुपयोगी अशी आहे. तिच्यावर खुरटे गवत उगवते, मेंढरे चरतात आणि ससे बिळे करतात. सन १५५२ मध्ये तेथील आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांनी एक सनद करून दिली. तीत सशांवरचा आपला हक्क त्यांनी राखला, परंतु त्या जमिनीवर गोल्फ व फुटबॉल खेळण्याची नगरवासीयांची वहिवाट मान्य केली. त्याच्या सुमारे शंभर वर्षे आधी, १४५७ मध्ये, तिरंदाजीचा सराव मागे पडतो म्हणून स्कॉटलंडच्या पार्लमेंटाने या खेळावर बंदी घातली होती. प्रजेने ती किती पाळली हे या सनदेवरूनच उघड होते.

गायरानाच्या नशिबी जे आपल्याकडे येते ते तेथेही आले. १७९७ मध्ये दिवाळखोर झालेल्या नगरसभेने ती जमीन ससे पाळणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हवाली केली, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे गोल्फवाले व ससेवाले यांच्यात फिर्यादी आणि हाणामाऱ्या चालू राहिल्या. १८२१ मध्ये शेजारचे जमीनदार जेम्स चीप यांनी जमीन विकत घेऊन गोल्फ वाचविला. अखेर १८९४ मध्ये पार्लमेंटाच्या स्वतंत्र कायद्याने ती नगराच्या मालकीची झाली. १७५४ मध्ये बावीस खानदानी गृहस्थांनी स्थापिलेला आणि पुढे रॉयल अँड एन्शंट या नावाने जगद्विख्यात झालेला क्लब त्या मैदानाच्या कडेला उभा आहे, मैदानाचा मालक मात्र तो नाही, ही गोष्ट परक्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. १९१३ पर्यंत पाहुण्यांना व १९४६ पर्यंत गावकऱ्यांना येथे खेळण्यास छदामही पडत नसे. १९७४ पासून कारभार एका विश्वस्त मंडळाकडे आहे, आणि बाहेरच्या माणसालाही रोज निघणाऱ्या चिठ्ठीत नाव आले तर येथे खेळता येते.

या खेळावर पोट भरणारा पहिला प्रसिद्ध पुरुष म्हणजे अ‍ॅलन रॉबर्टसन. त्याचा खरा धंदा चेंडू करण्याचा. कातड्याची लहानशी पिशवी ओली करून, टोपीभर पिसे उकळून, एवढ्याशा भोकातून ती छातीच्या जोराने आत कोंबायची. मग टाके घालून पिशवी वाळवायची. वाळताना कातडे आवळते आणि पिसे फुगतात, त्यामुळे चेंडू दगडासारखा टणक होतो. दिवसाकाठी तीन-चार चेंडू झाले तर पुष्कळ, आणि पिसांची धूळ कारागिराच्या फुप्फुसात जाई ती वेगळीच. पुढे गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचा स्वस्त चेंडू निघाला. रॉबर्टसनचा हाताखालचा माणूस टॉम मॉरिस त्या चेंडूने खेळताना दिसला एवढ्या कारणावरून दोघांचे बिनसले, आणि १८५१ मध्ये मॉरिस पश्चिम किनाऱ्यावरील प्रेस्टविकला निघून गेला. नव्या यंत्राने जुन्या कारागिराचे घर फोडल्याच्या कथा आपल्या कोष्ट्यांना सांगावयास नकोत.

१८५९ मध्ये रॉबर्टसन वारला आणि सर्वश्रेष्ठ कोण हा प्रश्न मोकळा राहिला. त्याचा निवाडा करण्यासाठी १८६० च्या ऑक्टोबरात प्रेस्टविकला आठ व्यावसायिक खेळाडू जमले. विली पार्क १७४ फटक्यांत खेळ पुरा करून जिंकला, टॉम मॉरिसला दोन फटके जास्त लागले. ओपन या नावाने पुढे विख्यात झालेल्या स्पर्धेचा हा आरंभ. इनाम म्हणून तांबड्या मोरक्को कातड्याचा पट्टा होता, तोही वर्षभर ठेवून परत द्यावयाचा. रोख रक्कम विजेत्याला प्रथम मिळाली ती १८६४ मध्ये, आणि ती अवघी सहा पौंड होती. टॉमचा मुलगा, त्याचेही नाव टॉमच, सतरा वर्षांच्या वयात १८६८ मध्ये जिंकला, आणि लागोपाठ तीनदा जिंकून त्याने तो पट्टा नियमाप्रमाणे कायमचा घरी नेला. द्यावयास पट्टाच न उरल्यामुळे १८७१ मध्ये स्पर्धाच भरली नाही! पुढच्या वर्षीही तोच जिंकला. पण १८७५ च्या सप्टेंबरात त्याची पत्नी बाळंतपणात गेली, आणि त्याच वर्षीच्या नाताळच्या दिवशी, चोविसाव्या वर्षी, तोही गेला. थोरला टॉम, जो तोवर पन्नास पौंड सालाच्या पगारावर सेंट अँड्र्यूजच्या मैदानाचा राखणदार होऊन परतला होता, तो त्यानंतर बत्तीस वर्षांहून अधिक जगला.

तीन क्लबांनी मिळून चांदीचा नवा चंबू केला आणि १८७३ मध्ये ही स्पर्धा प्रथम सेंट अँड्र्यूजला आली. पाऊस इतका झाला होता की मैदानात डबकी साचली होती, आणि जिंकला तो टॉम किड नावाचा एक कॅडी, म्हणजे दुसऱ्यांच्या काठ्यांची पिशवी वाहणारा. त्याला अकरा पौंड मिळाले.

परंतु या मैदानाचा स्वभाव खरा कळतो तो १८७६ च्या स्पर्धेत. मैदान स्पर्धेसाठी राखून ठेवावे, याची आठवणच व्यवस्थापकांना राहिली नाही. शनिवारचा दिवस, गावकरी नेहमीप्रमाणे खेळावयास आलेले; तेव्हा अजिंक्यपदासाठी झगडणारे व्यावसायिक आणि हौशी दुकानदार एकामागून एक असे आळीपाळीने सोडण्यात आले. डेव्ही स्ट्रॅथ हा आघाडीचा खेळाडू चौदाव्या होलवर, म्हणजे मैदानाच्या चौदाव्या टप्प्यावर, फटका मारतो तो थेट समोरून येणाऱ्या गावच्या एका गादीवाल्याला लागतो. तो बिचारा कोसळतो, स्ट्रॅथचे चित्त विचलित होते, आणि शेवटी त्याची व बॉब मार्टिनची बरोबरी होते. त्यातच सतराव्या होलवर पुढचे खेळाडू दूर होण्यापूर्वीच स्ट्रॅथने फटका मारला अशी तक्रार येते. पंचांनी सांगितले, आधी फेरसामना खेळा, तक्रारीचा निकाल मागून देऊ. स्ट्रॅथ म्हणाला, आधी निकाल, मग सामना. त्याचे म्हणणे मला तरी रास्त वाटते. तो आला नाही. मार्टिन प्रतिस्पर्ध्यावाचून मैदानात उतरला आणि विजेता ठरला. गादीवाल्याची बाजू मात्र इतिहासाने लिहून ठेवली नाही. माझ्या मते त्या दिवशी मैदानावर सर्वांत जुना हक्क त्याचाच होता.

त्या काळच्या व्यावसायिकाची प्रतिष्ठा ती काय? इनाम जिंकणारा माणूसही क्लबच्या इमारतीत पाऊल टाकू शकत नसे. १९२३ मध्ये ट्रून येथे वॉल्टर हेगन या अमेरिकन खेळाडूला समारंभापुरते आत या म्हणून बोलावले, तेव्हा आठवडाभर ज्यांना दार बंद होते त्यांच्यासोबत आपण बाहेरच बरे, असे म्हणून तो आत गेला नाही. अशा माणसांना गायरान हेच घर वाटले तर नवल नाही.

सेंट अँड्र्यूजला पुढे जिंकलेल्यांची नामावळी मोठी आहे आणि ती पाठ असणारे लोक जगभर आहेत. १९२७ मध्ये बॉबी जोन्स जिंकला, १९४६ मध्ये सॅम स्नीड, ज्याला आगगाडीच्या खिडकीतून हे मैदान ओसाड टाकून दिलेल्या जागेसारखे दिसले होते. १९५५ मध्ये ऑस्ट्रेलियाचा पीटर थॉमसन, १९८४ मध्ये सेव्हे बॅलेस्टेरॉस, आणि २००० मध्ये टायगर वुड्स, ज्याचा चेंडू चार दिवसांत त्या मैदानातील ११२ वाळूच्या खड्ड्यांपैकी एकातही पडला नाही. २०२२ च्या दीडशेव्या स्पर्धेत कॅमेरॉन स्मिथला पंचवीस लाख डॉलर मिळाले. मला स्वतःला मात्र यांच्यापैकी कोणी आठवत नाही. आठवतो तो १९७० चा डग सँडर्स. शेवटच्या ग्रीनवर, म्हणजे खळग्याभोवतीच्या हिरवळीवर, तीन फुटांहूनही कमी अंतराचा एक हलका ढकला, एवढेच जिंकावयास शिल्लक. तो उभा राहिला. चेंडूच्या वाटेत काहीतरी तपकिरी दिसले म्हणून पाय न हलविता वाकला, ते कस्पट उचलले, पुन्हा तसाच उभा राहिला आणि मारले. चेंडू उजवीकडून निसटला आणि बरोबरी झाली. दुसऱ्या दिवशी, रविवारी, जॅक निकलसने फेरसामना एका फटक्याने जिंकला.

आपल्याकडे हा खेळ फार लवकर आला: कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, मुंबईचा १८४२ चा. ज्या कंटिन्जंट फौजेच्या खर्चापोटी १८५३ मध्ये वऱ्हाडचा मुलूख निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला, तिची एक छावणी आमच्या हिंगोलीत १९०३ पर्यंत होती, त्यामुळे साहेबाची पायवाट आम्हांला अपरिचित नाही. साहेबाने समुद्रापलीकडून चेंडू आणला, काठी आणली, क्लबची वही आणली. सनदेतला गावकरी तेवढा तिकडेच राहिला. तथापि खेळाने आपली जुनी वाट येथेही शोधलीच. त्याच थॉमसनच्या पुढाकाराने १९६४ मध्ये इंडियन ओपन सुरू झाली आणि पहिली त्यानेच जिंकली. १९९१ मध्ये ती जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर हा दिल्लीच्या मैदानावर वाढलेला कॅडी होता, आणि २०१६ व २०१७ अशी दोनदा जिंकणारा चौरासिया हा कलकत्त्याच्या मैदानावरील माळ्याचा मुलगा.

सेंट अँड्र्यूजच्या पहिल्या आणि अठराव्या होलच्या मधून ग्रॅनी क्लार्क्स विंड नावाचा एक रस्ता आडवा जातो. तो सार्वजनिक आहे. खेळाडूने काठी उगारलेली असली तरी समुद्रावर निघालेली बाई मुलाचे बोट धरून तो ओलांडते, आणि खेळाडू थांबतो. ओपनचा शेवटचा दिवस अलीकडे रविवारी येतो, एरवी मात्र जुने मैदान रविवारी बंद असते. खेळणाऱ्यांना विसावा नको असला तरी जमिनीला हवा, असे थोरल्या टॉमने सांगितल्याचे म्हणतात. त्या दिवशी झेंडे काढलेले असतात, गावची माणसे कुत्र्यांना घेऊन फिरावयास येतात, आणि ज्या ग्रीनवर सँडर्सचा चेंडू चुकला तिच्या कडेने दुपारभर पोरे धावत असतात.