विश्लेषण : एका जखमीमागे १२० आजारी! ब्रह्मदेशच्या युद्धात लष्कराने मलेरियाला कसे रोखले?

लढाईत जखमी होऊन मागे पाठवलेला सैनिक एक, तर आजारी पडून मागे आलेले १२०! दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये ब्रह्मदेश आघाडीवरच्या ब्रिटिश-भारतीय फौजेची ही अवस्था होती. मलेरियाचे वार्षिक प्रमाण एकूण सैन्यबळाच्या ८४ टक्के होते. जपानशी लढायला माणसे उरणार का, हाच प्रश्न होता.

त्यात वैद्यकीय सेवाही विखुरलेली. वरिष्ठ डॉक्टर इंडियन मेडिकल सर्व्हिसचे, त्यांच्या हाताखालचे इंडियन मेडिकल डिपार्टमेंटचे, तर रुग्णालयांतले कर्मचारी इंडियन हॉस्पिटल कोअरचे. ३ एप्रिल १९४३ रोजी या तिन्हींची मिळून ‘इंडियन आर्मी मेडिकल कोअर’ झाली.

मेख कुठे होती?

औषधापेक्षा अंतरात. मलेरिया झालेल्या जवानाला रस्ता, रेल्वे, बोट असे करत शेकडो मैल मागे भारतात आणले जाई. तो परत रुजू होईपर्यंत सरासरी पाच महिने जात. ऑक्टोबर १९४३ मध्ये चौदाव्या सैन्याची सूत्रे घेणारे जनरल विल्यम स्लिम यांनी ही साखळीच तोडली. रुग्णाला मागे नेण्याऐवजी रुग्णालय पुढे आणले. आघाडीपासून काही मैलांवर तंबूंत मलेरिया उपचार केंद्रे उभी राहिली. ताप आल्यापासून २४ तासांत जवान तिथे पोहोचे आणि साधारण तीन आठवड्यांत बरा होऊन आपल्या तुकडीत परते. गंभीर जखमींना विमानाने हलवले जाऊ लागले.

गोळी घ्यायची कोणी?

खरी अडचण इथेच होती. प्रतिबंधक मेपाक्रिन गोळीने कातडी पिवळी पडे. तिने पुरुषत्व जाते, अशी कुजबुजही पसरली होती. (अफवांना तेव्हाही व्हॉट्सॲपची गरज नव्हती.) स्लिम यांनी जवानांना समजावण्यात वेळ न घालवता अधिकाऱ्यांना धरले. अचानक एखाद्या तुकडीतल्या प्रत्येकाची तपासणी व्हायची. ९५ टक्क्यांहून कमी जवानांनी गोळी घेतल्याचे आढळले, की तुकडीच्या प्रमुखाची उचलबांगडी. फक्त तिघांना घालवावे लागले. बाकीचे आपोआप सरळ झाले.

१९४५ पर्यंत आजारी पडण्याचे प्रमाण हजारी रोज एकावर आले.

१९४३ मध्ये स्थापन झालेली ती कोअर म्हणजेच आजची आर्मी मेडिकल कोअर. तिचा स्थापना दिन आजही ३ एप्रिललाच असतो.